रात्रीचा फोन किती जणांत वाटला जातो?

मॅडम, नमस्कार.

माझं वय 30. मराठवाड्यातल्या एका सरकारी महाविद्यालयातून एमडी मेडिसिन केलं, सध्या एका सिव्हिलमध्ये बॉन्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष भरते आहे. नीट एसएसमध्ये, म्हणजे सुपरस्पेशालिटीच्या प्रवेश परीक्षेत, रँक बरी आली आहे. डीएम या पुढच्या पदवीसाठी कार्डिओलॉजी मिळू शकतं, एंडोक्रायनोलॉजीही (मधुमेह, थायरॉइड, हार्मोन्सचे आजार) मिळू शकतं. आमचे सर म्हणतात, ‘कार्डिओ घे, पैसा तिथंच आहे.’ बरोबरीचे म्हणतात, ‘वेडी आहेस का, जन्मभर रात्री उठत बसशील.’ वडील निवृत्त शिक्षक, धाकट्या भावाचं शिक्षण चालू आहे, घराचं कर्ज फिटायचं आहे. नवरा पुण्यात नोकरी करतो, तो म्हणतो, तू ठरव. आई विचारते, अजून किती शिकणार? मूल कधी, हाही प्रश्न त्यातच असतो. कार्डिओलॉजीत जे जास्तीचे पैसे मिळतात, ते त्या कामाच्या मानाने पुरेसे आहेत का? खरं सांगा.

एक गोष्ट लिहायला संकोच वाटतो. गेल्या महिन्यात पहाटे तीनला एक शेतकरी छातीत दुखतंय म्हणून आला. गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज दिलं आणि त्याच्याजवळच बसून राहिले. तासाभराने ईसीजी काढला, तर अटॅकमुळे वर चढलेला आलेखाचा एसटी भाग बराच खाली आलेला. मग त्याला कॅथ लॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची खोली) असलेल्या गावी अँब्युलन्सने पाठवलं. त्या दिवशी मला थकवा म्हणून जाणवला नाही.

– बॉन्डवरची एक डॉक्टर

प्रिय डॉक्टर,

तुला अगं-तुगं केलेलं चालेल ना? माझ्या रेसिडेंट मुलींशी मी असंच बोलत आले.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा कर्ज, भाऊ, नवरा आणि आईसाठी, दुसऱ्यांदा त्या शेवटच्या चार ओळींसाठी. त्या ओळींकडे मी वळणारच आहे, पण आधी पैशाचं बोलू. विचारताना तू जरा चाचरली आहेस, तसं करू नकोस. शिक्षकाच्या घरातल्या मुलीने पुढची तीन वर्षं स्टायपेंडवर काढण्याआधी हिशोब मागितला, तर त्यात कमीपणा कसला?

कामाचा बोजा म्हणताना तू तास मोजते आहेस असं वाटतं. तास आपल्या सगळ्यांचेच जास्त असतात. कार्डिओलॉजीचा बोजा वेगळ्या जातीचा आहे. रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली की जितका वेळ ती बंद राहील तितका स्नायू मरत जातो, म्हणून प्रायमरी अँजिओप्लास्टी, म्हणजे अटॅक चालू असतानाच केलेली तातडीची अँजिओप्लास्टी, करायची तर रुग्ण दारात आल्यापासून 90 मिनिटांच्या आत वाहिनी उघडायची, असं मोजमाप आपण लावतो. एंडोक्रायनोलॉजिस्टला रात्री फोन आला तर बहुतेक वेळा इन्सुलिन किती द्यायचं ते सांगून पुन्हा पाठ टेकता येते. प्रायमरीचा फोन आला की स्वतः उठून जावं लागतं. ईसीजी, नातेवाइकांची संमती, पैशांची नाहीतर योजनेच्या कागदांची धावपळ, टेक्निशियन आणि सिस्टरना घरून बोलावणं, सगळं त्या 90 मिनिटांतच बसवायचं असतं. घरून पोचायला तुला त्यातली फार तर वीस मिनिटं मिळतात. म्हणजे ऑन कॉल असशील त्या दिवशी हॉस्पिटलपासून वीस मिनिटांच्या आतच राहायचं, फोन येवो न येवो.

सुरुवातीची आठ वर्षं आमच्याकडे प्रायमरी करणारे आम्ही दोघंच होतो. एक दिवस त्यांचा, एक माझा. मी कोल्हापूरची, पण माझ्या दिवशी पन्हाळा बंद, जोतिबा बंद. गावातल्या गावात लग्नाला जायचं तरी आम्ही दोन गाड्या काढायचो, कारण अक्षतांच्या आधी मला निघावं लागलं तर मुलांना घेऊन नवऱ्याला परत यायला काहीतरी हवं ना. सासूबाई एकदा शेजारणीला सांगत होत्या, ‘आमची सून घरात असली तरी घरात नसते.’ रागाने नव्हत्या म्हणत, नुसतं सांगत होत्या. म्हणून मला जास्त लागलं.

त्यामुळे मुलाखतीला जाशील तेव्हा पगाराचा आकडा विचारण्याआधी एकच विचार : प्रायमरीचा रोटा, म्हणजे ऑन कॉलची पाळी, किती जणांत आहे? आपल्या धंद्यात पैसा आणि काम ही दोन वेगळी पारडी मुळातच नाहीत. बरेचसे पैसे त्या रात्रीच्या फोनमुळेच मिळतात. तेव्हा तो फोन किती जणांत वाटला जातो यावर सगळं ठरतं.

थोडं गणित करू. आकडे मी समजुतीसाठी घेते आहे. समज, एका जिल्ह्याच्या गावातलं हॉस्पिटल तुला महिना 5 लाख देतं आणि रोटा दोघांत आहे. पुण्यातलं एक हॉस्पिटल साडेतीन लाख देतं, रोटा पाच जणांत आहे. पहिल्या ठिकाणी वर्षाला 182 रात्री तुझ्या, दुसऱ्या ठिकाणी 73. फरक जवळजवळ 110 रात्रींचा. पैशांचा फरक वर्षाला 18 लाख. म्हणजे एका रात्रीचे सोळा हजार आणि काही. त्यातला 30 टक्के कर गेला तर अकरा-साडेअकरा हजार हातात. आता स्वतःला विचार, ही रात्र मी एवढ्याला देईन का? तुझ्या डोक्यावर आज कर्ज आहे, भावाची फी आहे, तर दोन वर्षं देशीलही, आणि त्यात काही चूक नाही. फक्त ती दोन वर्षं आधी कागदावर लिहून ठेव, शेवटच्या तारखेसकट. मी तारीख लिहिली नव्हती. दोनाची आठ झाली, कारण प्रत्येक वेळी पुढचा हप्ता तयार असायचा. आधी घराचा, मग हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या इको मशीनचा, मग मुलीच्या शिक्षणाचा.

पगार हा शब्दही जरा तपासून घे. मोठ्या खासगी हॉस्पिटलात कार्डिओलॉजिस्टला क्वचितच खरा पगार असतो. तू तिथली कर्मचारी नसतेस, कन्सल्टंट असतेस. फी मिळते आणि तिच्यातून 10 टक्के टीडीएस कापून जातो. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही. कायद्याने नोकरदार बाईला 26 आठवड्यांची प्रसूती रजा आहे, ती अशा करारात तुला आपोआप मिळत नाही. तुझी आई जे विचारते आहे त्याच्याशी याचा थेट संबंध आहे, म्हणून इथे थांबून सांगते. साधारणपणे पहिलं वर्षभर, कधी दोन वर्षं, ठरावीक रक्कम मिळते, तिला मिनिमम गॅरंटी म्हणतात. ती संपली की जितकं काम तितके पैसे. गॅरंटीचा आकडा ऐकून लोक फ्लॅट बुक करतात आणि दुसऱ्या वर्षी कळतं की रुग्ण पाठवणारे फिजिशियन सगळे जुन्या सरांकडे बांधलेले आहेत. करार वाचताना गॅरंटी संपल्यानंतरचं पान आधी वाच. सोडायची नोटीस किती, सोडल्यावर त्याच शहरात प्रॅक्टिस करायला मनाई आहे का, रजेवर असताना प्रायमरी कोण करणार, हे सगळं त्याच पानाच्या आसपास सापडेल.

आणि जितकं काम तितके पैसे, या व्यवस्थेत ज्या बोजाबद्दल कुणी बोलत नाही तो असा. हार्ट अटॅकमधल्या स्टेंटने जीव वाचतो, त्याबद्दल दुमत नाही. पण स्थिर अंजायनाच्या, म्हणजे अटॅक नसून श्रमाने छातीत दुखणाऱ्या रुग्णाचं तसं नसतं. तू 2020 सालचं ‘इस्किमिया’ नावाचं संशोधन वाचलं असशीलच : मुख्य डावी वाहिनी मोकळी असलेल्या स्थिर रुग्णांत चांगल्या औषधोपचाराच्या जोडीला लगेच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केल्याने मृत्यू किंवा अटॅक एकूणात कमी झाले नाहीत. ज्यांना वारंवार दुखायचं, त्यांचं दुखणं मात्र कमी झालं. आता अशा रुग्णाची अँजिओग्राफी तू करते आहेस, टेबलावर 70 टक्क्यांचा ब्लॉक दिसतो आहे, बाहेर नातेवाईक घाबरून उभे आहेत, आणि ‘औषधांवर ठेवू’ म्हटलंस तर त्या दिवशी तुला अँजिओग्राफीची फी मिळणार, ‘स्टेंट टाकू’ म्हटलंस तर तिच्या कितीतरी पट. मी एका हॉस्पिटलात असताना दर महिन्याच्या मीटिंगला पडद्यावर आमची नावं यायची आणि नावापुढे आकडा : किती अँजिओग्राफींच्या अँजिओप्लास्टी झाल्या. कुणी काही बोलायचं नाही. आकडा कमी असलेला माणूस खाली बघायचा. मीही एकदा खाली बघितलं, आणि त्यानंतरच्या आठवड्यात एका मास्तरांना टाकलेला स्टेंट गरजेचा होता का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. ते बरे आहेत. पण माझ्या डोक्यातून ते गेलेले नाहीत. ते हॉस्पिटल मी सोडलं.

त्यामुळे दुसरा प्रश्न हा विचार : फीचा हिशोब एकट्याचा की टीमचा? काही ठिकाणी चार-पाच कार्डिओलॉजिस्ट मिळकत एकत्र करून वाटून घेतात. तिथे एकट्याचा आकडा थोडा कमी दिसतो, पण ‘नको, औषधांवर ठेवू’ म्हणताना हात थरथरत नाही. वयाच्या तिशीत मला कुणी हे सांगितलं असतं तर मी तेच निवडलं असतं.

एक भीती तुला घालतील, ती मात्र मनावर घेऊ नकोस. ‘स्टेंटची किंमत बांधली, आता कार्डिओत काही राहिलं नाही.’ फेब्रुवारी 2017मध्ये औषधयुक्त स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर आणली गेली, तेव्हा आमच्यातही बरीच ओरड झाली. आधी एकेका स्टेंटचं बिल लाखाच्या पुढे जायचं. किंमत बांधली ते योग्यच झालं असं मी तेव्हाही म्हणत होते. तुझ्या त्या शेतकऱ्याचं घर शेत गहाण न टाकता सावरावं हे आपल्यालाच आधी वाटायला हवं. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या केसमध्ये तुझ्या हातात कमी पडेल, हे खरं आहे. पण तेच रुग्ण केल्याने तुझा हात बसेल, आणि गावोगावी तुझं नावही तेच नेतील.

आता शरीराचं. कॅथ लॅबमधले क्ष-किरण अडवणारा लेड ॲप्रन पाच-सात किलोचा असतो, आणि तो घालून दिवसाचे पाच-सहा तास उभं राहायचं. माझी मणक्यातली चकती 47व्या वर्षी सरकली. त्यानंतर मी कॅथ लॅब जवळजवळ सोडली, इको आणि ओपीडी करू लागले. मिळकत निम्म्याहून खाली आली. घर चाललं. तू पहिल्या दिवसापासून दोन तुकड्यांचा ॲप्रन मागून घे, खांद्यावरचा भार कमरेवर विभागला जातो. कुणाचा तरी मोठा पडणारा जुना ॲप्रन गुंडाळून घेऊ नकोस, अंगाच्या मापाचा हवा. थायरॉइड कॉलर आणि शिशाच्या काचेचा चष्मा यांबाबत भिडस्तपणा नको, मोतीबिंदू आपल्यात लवकर येतो. आणि अंगावर किती किरण पडले ते मोजणारा टीएलडी बॅज ॲप्रनच्या आत, छातीवर लाव. आकडा वर गेला तर चौकशी होईल म्हणून बॅज खुंटीला टांगून आत जाणारे मी पाहिलेत. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 अशी आहे. नीट काळजी घेतली तर आपण तिच्या बरेच खाली राहतो. पण खुंटीवरच्या बॅजला ते कसं कळणार?

दिवस गेले तर लगेच लेखी कळवायचं. कळवल्यापासून पुढच्या सगळ्या गरोदरपणात पोटातल्या बाळाला 1 मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त मिळता कामा नये, असा नियम आहे. ते महिने इको, आयसीसीयू आणि ओपीडीत काढता येतात. डीएममध्ये प्रसूती रजा घेता येते, कोर्स तेवढा लांबतो इतकंच. बायका हे सांगायला घाबरतात, विभागप्रमुख काय म्हणतील म्हणून. म्हणून कॉलेज निवडण्याआधी तिथल्या एखाद्या रेसिडेंटला गाठ आणि सरळ विचार, इथे गेल्या पाच वर्षांत कुणाला मूल झालं का, आणि तेव्हा काय झालं? उत्तरापेक्षा उत्तर देतानाचा चेहरा बघ.

डीएमच्या तीन वर्षांबद्दल फार लिहीत नाही, एमडीत तू ते पाहिलंच आहेस. 1992पासून कागदावर रेसिडेंटला आठवड्याला 48 तास आहेत. 2024मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाने 74 तासांची मर्यादा सुचवली. कार्डिओच्या पहिल्या वर्षाला दोन्ही आकडे फारसे लागू पडत नाहीत. मात्र दोन वर्षांनी ज्या विभागात तुझ्या हातात खरंच वायर आणि कॅथेटर दिले जातात, तिथे ही झीज भरून निघते. जिथे तीन वर्षं नुसते इको आणि डिस्चार्ज कार्ड लिहायला ठेवतात, तिथे रँक चांगली असली तरी जाऊ नकोस. आणि डीएमनंतर पुन्हा एक वर्ष बॉन्ड आहे, तो आईला आत्ताच सांगून टाक.

एंडोक्रायनोलॉजीबद्दल तुझ्या मित्रमैत्रिणी म्हणतात ते बरोबर आहे. शिकायची वर्षं तेवढीच, रात्री बहुतेक स्वतःच्या, मशिनरीचं कर्ज नाही, आपल्याकडे मधुमेहाचे रुग्ण कधी कमी पडायचे नाहीत. सुरुवातीला मिळकत हळू वाढते, पण पन्नाशीत पाठ शाबूत असते. तुझा हिशोब नुसता पैसे आणि काम असाच असता, तर मी तुला डोळे मिटून तिकडेच जा म्हटलं असतं.

पण तू त्या चार ओळी लिहिल्यास.

त्यावर आधी थोडं पाणी ओतते. एका रात्रीच्या आनंदावर जन्माचा निर्णय घेऊ नये. एसटी खाली येताना बघण्याची नशा मलाही ठाऊक आहे, पण तिच्यातला काही भाग माणूस वाचवल्याचा असतो, आणि तो आयसीयूतही मिळतो. कार्डिओलॉजीचा खूप मोठा भाग दुसऱ्या दिवशी सुरू होतो. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे हृदयाची पंप करण्याची ताकद, 25 टक्क्यांवर आलेला तोच शेतकरी दर दोन महिन्यांनी पाय सुजवून येतो, गोळ्या मध्येच सोडलेल्या असतात, बायको सांगते की हे मीठ ऐकत नाहीत. त्याच्याशी पंधराव्यांदा तेच बोलायला तुला आवडेल का? सिव्हिलच्या ओपीडीत असे रुग्ण रोज असतात. पुढचे पंधरा दिवस त्यांच्याकडे याच नजरेने बघ. तिथेही तुझा जीव रमत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे : कार्डिओलॉजी घे. रात्री उठायचा कंटाळा येणाऱ्याने पैशासाठी हे घेतलं की पाच वर्षांत तो चिडचिडा होतो, मी असे चांगले चांगले डॉक्टर कडवट होताना पाहिलेत. तुला उठायला आवडतं. तुझ्या बाबतीत काळजी उलटी आहे. तू इतकी उठशील की कुणी थांबवणार नाही, म्हणून रोटा आणि तारीख यांवर एवढं लिहिलं.

घरचं एक. नवऱ्याचं ‘तू ठरव’ प्रेमाचं असेल, पण त्याच्याशिवाय हे ठरत नाही. 182 आणि 73 हे दोन आकडे घेऊन त्याला समोर बसव. तुझ्या रात्री बाळाला कोण घेणार, डीएम दुसऱ्या शहरात मिळालं तर तो येणार का, कर्जाचा हप्ता ती तीन वर्षं कोण भरणार, हे त्याच्या तोंडून ऐक. भावाच्या शिक्षणाचंही त्याच बैठकीत बोल, वडिलांनाही बोलाव. शिक्षक माणूस आहेत, त्यांना हिशोब मांडलेला आवडेल.

कॉलेजांचे चॉइस भरण्याआधी एक शनिवारची रात्र काढ. जे कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहिणार आहेस तिथल्या रजिस्ट्रारला विचारून कॅथ लॅबच्या बाहेरच्या बाकावर सकाळपर्यंत बस. किती फोन येतात, कोण येतं, सिस्टर कशा बोलतात, पहाटे पाचला चहा कोण मागवतं, बघ. मग मला लिही.

आणि त्या शेतकऱ्याचं पुढे काय झालं, ते तू लिहिलं नाहीस. अँजिओग्राफी झाली का? परत आला का तुझ्याकडे? तेही कळव.